‘काढणे’ या क्रियापदाविषयी मराठी कोशकारांना खुले पत्र

प्रति,
मराठी शब्दकोश, समानार्थी शब्दसंग्रह आणि शालेय शब्दयाद्या तयार करणारी संपादक मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठीचे नवे कोश होत आहेत, जुने कोश संगणकावर येत आहेत आणि शाळकरी मुलांसाठी समानार्थी शब्दांची छोटी पुस्तके तर दर जूनमध्ये नव्या वेष्टनात दुकानात दिसतात. या कामामागच्या कष्टांविषयी मला आदर आहे. तरीही त्यातल्या एका नोंदीविषयी आपणांस लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ती नोंद ‘काढणे’ या क्रियापदाची. माझ्यासमोरच्या एका शालेय शब्दसंग्रहात या शब्दापुढे ‘बाहेर घेणे, ओढणे, उपसणे’ हे तीन प्रतिशब्द आणि विरुद्धार्थी म्हणून ‘घालणे’ एवढीच सामग्री आहे. पुस्तकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण दोष एकट्या त्या पुस्तकाचा नसून अशा नोंदी करण्याच्या पद्धतीचा आहे.

मी बडोद्यात राहते. दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांत ज्या घरांतून अजून मराठी बोलली जाते, तिथली काही मुले सुटीच्या दिवशी माझ्याकडे मराठी वाचायला-लिहायला येतात. त्यांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची, रस्त्यावरची भाषा गुजराती आणि दूरदर्शन संचावरची हिंदी. पुण्यातल्या मुलाने कोशातला अपुरा अर्थ घेतला तरी त्याच्या भोवतीची बोलभाषा तो परस्पर दुरुस्त करते. आमच्या मुलांना ती सोय नाही, त्यांना कोशाचाच आधार. म्हणून ‘काढणे’पुढे ‘उपसणे’ वाचलेल्या मुलाने वहीत ‘मी मोराचे चित्र उपसले’ असे लिहिले, तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. पुस्तकाने सांगितले तेच त्याने केले.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, सुट्या ‘काढणे’ला समानार्थी शब्दच नाही. ‘कर्ज काढणे’ला आहे, ‘दिवस काढणे’ला आहे, ‘चित्र काढणे’लाही आहे, पण या तिन्ही ठिकाणचे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तेव्हा प्रतिशब्द क्रियापदाला न देता कर्मासह क्रियापदाला दिले पाहिजेत.

मूळ अर्थ ओढण्याचा, हे खरेच आहे. प्राकृतात हे क्रियापद ‘कड्ढ’ असे आढळते, आणि बाराव्या शतकात आमच्याच गुजरातेतल्या पाटण येथे व्याकरण रचणाऱ्या हेमचंद्राने संस्कृत ‘कृष्’ या ओढणे अर्थाच्या धातूऐवजी येणाऱ्या प्राकृत रूपांत त्याची गणना केली आहे. गुजराती ‘काढवुं’ हे त्याच घरचे. हिंदीत ‘काढ़ना’ आता बहुतांशी कशिद्यापुरते उरले आहे आणि इतर सगळा भार ‘निकालना’ने उचललेला आहे. विहिरीतून पाणी, पायातून काटा, म्यानातून तलवार, कपाटातून भांडी, इथवर ‘बाहेर घेणे’ निभावून नेते. (सर्दीखोकल्यावरचा काढा मात्र या कुळातला नव्हे. तो संस्कृत ‘क्वाथ’चा वंशज, म्हणजे कढणे आणि कढी यांचा भाऊबंद, अर्क ‘काढतात’ म्हणून काढा, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी चुकीची आहे.)

त्यापुढे मात्र ‘बाहेर घेणे’ अडखळू लागते. आमच्या गावातलेच उदाहरण घ्या. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली. तिथे एखाद्या माणसाने खाते काढले, काही वर्षांनी त्या खात्यातून पैसे काढले आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी तिथूनच कर्ज काढले, तर एका बँकेच्या दारात चार निरनिराळ्या क्रिया झाल्या आणि चौघींना आपण एकच क्रियापद लावले. बँक काढली म्हणजे स्थापन केली. खाते काढले म्हणजे उघडले. या दोन ठिकाणी आधी नसलेली वस्तू अस्तित्वात आली. पैसे काढले तेव्हा होती ती रक्कम घटली. कर्ज काढले तेव्हा हातात पैसा आला आणि डोक्यावर बोजा चढला. उद्या तो माणूस ‘खाते काढून टाका’ म्हणाला, तर एका ‘टाकणे’ने सगळे उलटते आणि खाते बंद होते. अशा वेळी ‘काढणे = उघडणे’ लिहिले तरी चूक आणि ‘काढणे = बंद करणे’ लिहिले तरी चूक.

बरे, प्रतिशब्द मिळाला म्हणून तो अगदी तेवढाच अर्थ देतो असेही नाही. ‘कर्ज घेणे’ हा साधा व्यवहार झाला. ‘कर्ज काढणे’ म्हटले की अडचण आणि धडपड दोन्ही सोबत येतात. हा माणूस कुठेतरी गेला, कोणापुढे तरी बसला आणि त्याने ते मिळवले, असे त्यात ऐकू येते. ‘कर्ज उचलणे’ यात थोडी बेफिकिरी आहे. ‘ऋण काढून सण करणे’ या वाक्प्रचारात ‘घेऊन’ घालून पाहा, त्यातला टोमणा निम्मा होतो. ‘दिवस काढणे’चेही तसेच. सुखाचे दिवस कोणी काढत नाही, ते जातात. काढावे लागतात ते अडचणीचे. ‘दिवस कंठणे’ त्याहून जड आणि आता बरेचसे पुस्तकी, ‘दिवस ढकलणे’ यात उमेद संपलेली, आणि ‘दिवस घालवणे’ यात वाया गेल्याची चुटपुट. चारही शब्द एका ओळीत स्वल्पविराम देऊन छापले की मुलाला ते सारखे वाटतात, आणि मग मामाच्या गावी सुटीचे दिवस मजेत ‘कंठले’ जातात.

चित्राच्या बाबतीत भेद अधिक उघड आहे. राजा रविवर्म्याने सयाजीरावांसाठी पुराणकथांवरची चित्रे काढली किंवा रंगवली, असे आपण म्हणू. तैलरंगातल्या त्या भरघोस चित्रांना ‘रेखाटली’ म्हणणे शोभणार नाही, कारण रेखाटणे हे रेषांचे काम. ‘चितारणे’ आज चित्रापेक्षा कथा-कादंबरीतल्या व्यक्तिरेखेसाठी जास्त वापरले जाते. इथे ‘काढणे’ हा सर्वांत व्यापक शब्द आहे, आणि मूल भिंतीवर कोळशाने चार रेघा ओढते तेव्हाही ते चित्रच काढत असते.

आता ‘नाव काढणे’ पाहावे. माझ्या मते या क्रियापदाची खरी परीक्षा इथे होते. ‘मुलाने शाळेचे नाव काढले’ ही पेढे वाटण्याची बातमी. ‘शाळेने मुलाचे नाव काढले’ ही घरी लपवण्याची बातमी. शब्द तेवढेच आहेत. कर्ता आणि षष्ठीतले नाम यांनी जागा बदलल्या आहेत. तिसरा अर्थ उल्लेखाचा: ‘त्याचे नावही काढू नकोस.’ पहिल्या अर्थाला ‘कीर्ती मिळवणे, नावलौकिक वाढवणे’, दुसऱ्याला ‘वगळणे, कमी करणे’, तिसऱ्याला ‘उल्लेख करणे, विषय काढणे’ असे प्रतिशब्द आहेत आणि यांतला एकही दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवू शकत नाही. ‘वेळ काढणे’चे दोन अर्थ तर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. ‘माझ्यासाठी थोडा वेळ काढा’ ही अगत्याची विनंती. ‘तो नुसता वेळ काढतो आहे’ ही तक्रार. वेळकाढूपणा हा शब्द दुसऱ्या अर्थापासून झाला, पहिल्यापासून नव्हे, हेही कोशात सांगावे लागते.

विरुद्धार्थी म्हणून दिलेल्या ‘घालणे’कडे आता वळते, कारण त्या नोंदीतली सर्वांत मोठी गफलत तिथे आहे. चष्मा घालतात आणि काढतात, अंगठी घालतात आणि काढतात, जखमेला टाके घालतात आणि आठवड्याने काढतात. इथे विरोध बिनचूक आहे. परंतु रांगोळी घालणे आणि रांगोळी काढणे यांत विरोध कुठे आहे? दिवाळीच्या पहाटे एक जाऊ म्हणते, ‘मी रांगोळी घातली’, दुसरी म्हणते, ‘मी रांगोळी काढली’, आणि दोघींच्या दारात सारखेच ठिपके असतात. समजूत घालणे आणि समजूत काढणे हेही तसेच एक. रुसलेल्या मुलाच्या डोक्यात समजूत घाला किंवा त्याची समजूत काढा, शेवटी ते जेवायला येते. म्हणजे हे दोन शब्द काही कर्मांपुढे परस्परविरोधी आहेत आणि काही कर्मांपुढे समानार्थी. वेणीच्या बाबतीत तर ते दोन्हीही नाहीत. घातलेली वेणी आपण काढत नाही, सोडतो. आणि कोंबडी अंडी घालते व त्याच अंड्यांतून पिल्ले काढते, तेव्हा घालणे-काढणे ही एकाच कामाची पहिली आणि शेवटची पायरी होते. सुट्या शब्दाला सुटा विरुद्धार्थी शब्द देण्याची पद्धत यापुढे कशी टिकावी?

शब्द घरातल्या घरातही घोटाळा करतो. ‘कपडे काढून ठेव’ या वाक्यात अंगावरचे उतरवून ठेवायचे की उद्याच्या समारंभासाठी कपाटातले बाहेर ठेवायचे, हे बोलणाऱ्याच्या नजरेवरून कळते, शब्दांवरून नाही. राग आणि रुसवा यांची जोडीही पाहण्यासारखी आहे. रुसवा काढतात तेव्हा तो रुसलेल्या माणसाच्या मनातून जातो, आणि ते काम दुसरा माणूस करतो. राग काढतात तेव्हा रागावलेला माणूस स्वतःच तो बाहेर सोडतो आणि भलत्याच्याच अंगावर टाकतो. पहिल्याचे प्रतिशब्द मनधरणी करणे, समजावणे. दुसऱ्याचे आगपाखड करणे, तोंडसुख घेणे.

अर्थांचे हे जंगल वेगळे करायला एक सोपी कसोटी भाषेतच आहे, आणि कोशकारांनी तिचा उपयोग करावा असे मला सुचवायचे आहे. ‘काढणे’चे अकर्मक जोडीदार क्रियापद ‘निघणे’. मोर्चा काढला तर मोर्चा निघतो; दिवाळे काढले तर दिवाळे निघते; आठवण काढली तर आठवण निघते; हुकूम काढला तर हुकूम निघतो. इथे क्रियेचे फळ आपल्या पायांवर उभे असते. परंतु खोडी काढली तरी ‘खोडी निघाली’ होत नाही, पळ काढला तरी पळ निघत नाही, झोप काढली तर ती होते, निघत नाही, आणि समजूत काढली तर ती पटते. आता हीच कसोटी ‘वेळ’ला लावा. ‘वेळ निघाला तर येईन’ हे वाक्य शुद्ध आहे, म्हणजे सवड करण्याचा अर्थ ‘निघणे’ला मानवतो, टाळाटाळीचा अर्थ मानवत नाही, टाळाटाळ करणाऱ्या कारकुनाकडून वेळ ‘निघत’ नाही. ‘नाव’लाही लावून पाहा. ‘काल तुझे नाव निघाले होते’ म्हणजे उल्लेख झाला; ‘यादीतून नाव निघाले’ म्हणजे वगळले गेले; कीर्ती मात्र निघत नाही, नाव ‘होते’. ज्या दोन अर्थांना माणूस अंदाजाने वेगळे करतो, त्यांना हे एक क्रियापद व्याकरणाने वेगळे करून दाखवते. प्रत्येक पोटनोंदीशेजारी ‘निघणे’ चालते की नाही एवढी एक खूण दिली, तर परभाषिक शिकणाऱ्यावर मोठे उपकार होतील.

‘-ऊन’ रूपांनंतर येणारे ‘काढणे’ ही स्वतंत्र नोंद हवी. पुस्तक वाचले आणि पुस्तक वाचून काढले यांत तडीस नेल्याचा फरक आहे. पिंजून काढणे, झोडपून काढणे, रात्र जागून काढणे यांतही तोच. ‘नुकसान भरून काढणे’ यात भरणे आणि काढणे शेजारी बसले आहेत आणि कोणाला ते विचित्र वाटत नाही, कारण इथे बाहेर घेण्याचा अर्थ केव्हाच झिजून गेला आहे.

आमच्या गावाचे प्रश्न याहून थोडे वेगळे आहेत. गुजराती ‘काढवुं’ मराठीच्या इतके जवळ आहे की मूल निर्धास्तपणे एकातून दुसऱ्यात जाते. वरघोडो काढवो आणि वरात काढणे, सरघस काढवुं आणि मिरवणूक काढणे, कचरो काढवो आणि केर काढणे, दिवसो काढवा आणि दिवस काढणे, रस्तो काढवो आणि मार्ग काढणे, ही वाट सरळ आहे. मग अचानक ती फुटते. गुजरातीत रंगोळी ‘पूरतात’, मेंदी ‘मूकतात’, चित्र ‘दोरतात’, बँकेतून पैसे ‘उपाडतात’ आणि फोटो ‘पाडतात’. मराठीत या पाचही ठिकाणी ‘काढणे’ लागते. त्यामुळे आमच्याकडे घरातल्या मराठीतही ‘फोटो पाड ना’ ऐकू येते. तिकडे मुंबईकडे ‘फोटो घेणे’ रुळत चालले आहे, ते इंग्रजीच्या वळणाने. तेव्हा ‘पाडणे’ अशुद्ध आणि ‘घेणे’ शुद्ध, असा निवाडा कोणी देऊ नये असे मला वाटते. केस विंचरताना भांग पाडणे आणि भांग काढणे दोन्ही मराठीला चालतातच.

शब्द तेच आणि अर्थ बदललेला, असेही घडते, आणि तिथे कोश नसला तर फजिती ठरलेली. ‘दांत काढवा’ म्हणजे गुजरातीत, विशेषतः सौराष्ट्राकडच्या बोलीत, हसणे. त्यात दूषण नाही. मराठीत ‘दात काढू नकोस’ म्हणजे नको तिथे निर्लज्जासारखे हसू नकोस. इथला प्रतिशब्द ‘दात विचकणे, फिदीफिदी हसणे’ असा द्यावा लागेल. नुसते ‘हसणे’ लिहिले तर बडोद्याचे मूल ‘बाळ गोड दात काढते’ असे लिहील, आणि तेही दात न आलेल्या बाळाविषयी. याहून गंभीर उदाहरण ‘दुखणे अंगावर काढणे’चे. औषध न घेता, डॉक्टरकडे न जाता आजार सहन करत राहणे हा त्याचा अर्थ. शब्दशः उलगडायला जावे तर दुखणे अंगातून काढून टाकले असे वाटते, म्हणजे नेमके उलटे. आजीने दवाखान्यात ‘चार दिवस ताप अंगावर काढला’ असे सांगितले आणि सोबतच्या नातवाने ते शब्दशः गुजरातीत उतरवले, तर डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिले जाईल याचा विचार करावा. शालेय शब्दसंग्रहात हा प्रयोग मला अद्याप सापडलेला नाही. ‘उपसणे’ मात्र हमखास असते.

सरकारी मराठीविषयीही एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. हुकूम, परिपत्रक, अध्यादेश आणि निविदा ‘काढणे’ ही आपली जुनी रीत. आता सगळीकडे ‘जारी करणे’ आले आहे. तेही मराठीत जुनेच आहे, त्याला हाकलावे असे मी म्हणत नाही. पण कोशांनी ‘जारी करणे’पुढे ‘काढणे’ द्यावे आणि कायदा मात्र ‘करतात’, कर ‘बसवतात’ आणि सभा ‘घेतात’, हेही सांगावे. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानासाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, काढला नाही; आणि २०१८ साली बडोद्यात साहित्य संमेलन भरले, निघाले नाही. दामोदर सावळाराम यंदे यांनी मात्र इथे ‘सयाजीविजय’ हे वृत्तपत्र काढले. कोणते नाम कोणते क्रियापद मागते हे नियमाने सांगता येत नाही, ते नोंदवूनच ठेवावे लागते.

असे नोंदवणे आपल्या परंपरेला नवे नाही. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि त्यांच्याच महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन भाग १९४२ व १९४७ साली आले. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीने ठरतो हे त्या कोशकारांनी वाक्संप्रदायांसाठी वेगळा कोश करून मान्यच केले होते. बडोद्यातही १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरू’ प्रसिद्ध झाला. आजच्या छोट्या संग्रहांनी जागेच्या अभावी मोठ्या कोशांतले अर्थ छाटले, हे समजण्यासारखे आहे. पण छाटताना नेमकी कर्मे गेली आणि उघडी क्रियापदे उरली.

तेव्हा आपणांस विनंती अशी की, ‘काढणे’, आणि त्याच न्यायाने ‘घालणे’, ‘लागणे’, ‘मारणे’, ‘पडणे’ या क्रियापदांपुढे सुटे प्रतिशब्द छापणे थांबवावे. त्याऐवजी नेहमी लागणारी पंधरा-वीस कर्मे घ्यावीत, प्रत्येकासह क्रियापद लिहावे, त्याला त्याचा प्रतिशब्द आणि एक पूर्ण वाक्य द्यावे. शालेय पुस्तकात जागा कमी असेल तर शब्द कमी घ्यावेत, वाक्ये कमी करू नयेत. परीक्षेत ‘काढणे या शब्दाचा समानार्थी शब्द लिहा’ असा प्रश्न विचारला जात असेल, तर तो काढून टाकावा. ‘त्याने शाळेचे नाव काढले या वाक्यातील अधोरेखित शब्दांऐवजी दुसरे शब्द योजा’ असा विचारला, तर त्यातून काहीतरी तपासले जाईल. मोठ्या कोशांनी महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचे प्रयोगही गावाच्या खुणेसह नोंदवावेत. माझ्या वर्गातल्या मुलांनी घरी ऐकलेले ‘काढणे’चे आणि त्याऐवजी आलेले ‘पाडणे’, ‘उपाडणे’ यांचे प्रयोग वाक्यांसह एका वहीत उतरवले आहेत. आपल्यापैकी कोणाला हवे असल्यास त्यांची स्वच्छ प्रत करून पाठवीन. त्यातले ‘फोटो पाडणे’ आपण प्रमाण मानावे असा आग्रह नाही. बडोद्यात मराठी माणसे असे बोलतात, एवढी नोंद व्हावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बडोद्यातील एक मराठी शिक्षिका